तिलांजली कुणी द्यायची?

महाभारतातले स्त्रीपर्व हे युद्ध संपल्यानंतरचे पर्व आहे. रणभूमीवर प्रेतांचा खच पडलेला आहे, दोन्ही पक्षांच्या स्त्रिया आपापली माणसे शोधीत फिरत आहेत आणि गांधारी कृष्णाला एकेका मृताकडे बोट दाखवून त्याचे नाव सांगते आहे. यातली दोन स्थळे आम्हांस प्रस्तुत विषयासाठी फार मोलाची वाटतात. पहिले असे की, युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य आदींना आज्ञा करतो: सर्वांची प्रेतकार्ये करा, कुणाचाही देह अनाथासारखा नष्ट होता कामा नये. त्यानुसार नाना देशांहून येऊन त्या भूमीवर पडलेल्या आणि मागे विचारणारे कुणी नसलेल्या माणसांनाही अग्नी दिला जातो. दुसरे स्थळ अधिक प्रसिद्ध आहे. गंगेकाठी उदकदान चालले असताना कुंती पुत्रांना सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. कालचा शत्रू एका वाक्यासरशी आपला होतो आणि युधिष्ठिराच्या शोकाला पारावार उरत नाही. प्रेत तेच, मरणही तेच. नाते तेवढे उशिरा कळले.

मराठीत 'तिलांजली देणे' या प्रयोगाचा आज रूढ झालेला अर्थ 'कायमचे सोडून देणे' असा आहे. विधी मृताला तृप्त करण्याचा, आणि भाषेने त्यातून उचलला तो मात्र हात झटकून मोकळे होण्याचा भाव! निरनिराळ्या देशांनी दहशतवादी हल्ल्यांतील मृतांसाठी काय काय उभारले हे पाहू लागलो की हा दुहेरी अर्थ आम्हांस वारंवार आठवतो.

हल्ला जितका भीषण तितकी त्याची स्मृती दीर्घ, असे आपण सहसा धरून चालतो. आमच्या मते ते खरे नाही. देश हल्ला लक्षात ठेवीत नाहीत, आपली माणसे लक्षात ठेवतात. आणि 'आपली' कोण हे पासपोर्टवरूनही ठरत नाही. ते ठरते हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. कोण कुणाला फोन करतो, प्रेते ओळखायला आलेल्यांच्या शेजारी कोण उभे राहते, वर्तमानपत्रे कोणते छायाचित्र पहिल्या पानावर छापतात, अशा बारीकसारीक गोष्टींवरून. पुढची स्मारके, स्मृतिदिन आणि अभ्यासक्रम त्या पहिल्या निवाड्याच्या मागून चालत येतात. तो निवाडा पुढे बदलता येतो, पण त्याला किती वर्षे लागतात याचे 'कनिष्क' हे ठळक उदाहरण आहे.

२३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट कनिष्क' हे विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस अटलांटिकवर असताना सामानातल्या बॉम्बने फुटले. ३२९ माणसे मेली. त्यांत ऐंशीहून अधिक लहान मुले होती, कारण शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे आजोळी निघाली होती. त्याच कटातला दुसरा बॉम्ब त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटून सामान हलविणारे दोन जपानी कामगार ठार झाले. ३२९च्या आकड्यात हे दोघे सहसा मिळविले जात नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवू. कट रचला गेला तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, खलिस्तानवादी अतिरेक्यांकडून. बॉम्ब विमानात चढला तो कॅनडातल्याच विमानतळांवरून. मृतांपैकी २६८ जण कॅनडाचे नागरिक होते, २७ ब्रिटिश आणि २४ भारतीय. असे असूनही कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान ब्रायन मल्रूनी यांनी सांत्वनासाठी फोन केला तो राजीव गांधींना.

एका फोनवर इतका भार टाकू नये, असे कुणी म्हणेल. विमान भारताचे, म्हणून फोन भारताला, हा शिष्टाचारही असू शकतो. परंतु त्यानंतरची वीस वर्षे त्या फोनशी विलक्षण सुसंगत आहेत. कॅनडाच्या गुप्तचर संस्थेने संशयितांच्या दूरध्वनी संभाषणांच्या शेकडो फिती पुसून टाकल्या. (स्मृती पुसणे हा आपल्याकडे अलंकार आहे, इथे ते कार्यालयीन कामकाज होते.) साक्ष देऊ शकणारे पंजाबी पत्राचे संपादक तारासिंग हेयर यांचा १९९८ मध्ये खून झाला. २००५ मध्ये दोन प्रमुख आरोपी निर्दोष सुटले. बॉम्बच्या सामग्रीशी संबंधित एका इसमाखेरीज कुणालाही शिक्षा झाली नाही. कॅनडाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे हत्याकांड, आणि त्या देशातली एक अख्खी पिढी त्याचे नावही न ऐकता वाढली. मृतांची नावे, वर्ण, आडनावे निराळी असती तर असे झाले असते काय, हा प्रश्न मृतांचे नातेवाईक पहिल्या वर्षापासून विचारीत होते. आम्हांसही त्याचे दुसरे उत्तर सुचत नाही.

या काळात स्मरण केले ते आयर्लंडने. खरे तर आयर्लंडचा या प्रकरणाशी संबंध काय? विमान आयरिश नव्हते, कट तिथला नव्हता. विमान फुटले तेव्हा खाली त्यांचा समुद्र होता, एवढेच. पण नौदलाच्या 'ऍशलिंग' जहाजावरच्या खलाशांनी प्रेते पाण्याबाहेर काढली, ती कॉर्कच्या रुग्णालयात आणली गेली, आणि तिथे आलेल्या परदेशी नातलगांना त्या शहराने आपल्या पाहुण्यांसारखे वागविले. ३२९ पैकी अवघी १३१ प्रेते हाती लागली. बाकीच्यांसाठी समुद्र हीच जागा उरली. म्हणून कॉर्क परगण्यातल्या अहाकिस्ता नावाच्या लहानशा किनारी गावात पहिल्याच वर्षश्राद्धाला, २३ जून १९८६ रोजी, स्मारक उभे राहिले. केन थॉम्पसन या शिल्पकाराने घडविलेली एक सूर्यतबकडी आणि नावे कोरलेली भिंत. दरवर्षी त्या दिवशी सकाळी गावकरी आणि कॅनडा-भारतातून आलेले नातेवाईक तिथे जमतात. चार दशके झाली, हा क्रम चालू आहे. युधिष्ठिराची आज्ञा, नाना देशांहून आलेल्या अनाथांनाही अग्नी द्या, ही कुणी न सांगता पाळली असेल तर ती या गावाने.

कॅनडाचे पंतप्रधान अहाकिस्ताला पहिल्यांदा गेले ते २००५ मध्ये, विसाव्या स्मृतिदिनी. त्याच वर्षी त्या देशाने २३ जून हा दहशतवादाच्या बळींचा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरविला. २००७ मध्ये टोरांटो व व्हँकूव्हर येथे स्मारके झाली. २०१० मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने आपला पाच खंडांचा अहवाल दिला आणि हे हत्याकांड कॅनडाचे होते, तसे ते फार काळ मानले गेले नाही, असे त्यात स्पष्ट नोंदविले. त्याच महिन्यात पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी नातेवाइकांची जाहीर क्षमा मागितली. कुंतीने एका सकाळी सांगून टाकले ते सांगायला इथे पंचवीस वर्षे लागली.

आणि भारत? विमान आपले, त्यावरचे सम्राटाचे नाव आपले, मृतांपैकी बहुतेकांची गावे आणि नातीगोती आपल्याकडली. तरी भारताने या मृतांना आपल्या सार्वजनिक स्मृतीत जागा दिली असे म्हणणे अवघड आहे. मुंबईत उतरण्यासाठी निघालेल्या त्या विमानाची २३ जूनला मुंबईला आठवण होते काय, हे वाचकांनीच सांगावे. आठवण होते ती वादाच्या वेळी. १८ जून २०२४ रोजी कॅनडाच्या संसदेने हरदीपसिंग निज्जर यांच्या मृत्यूच्या पहिल्या वर्षदिनी उभे राहून मौन पाळले. त्याच सुमारास व्हँकूव्हरच्या भारतीय वाणिज्य दूतावासाने स्टॅनली पार्कमधल्या कनिष्क-स्मारकापाशी २३ जूनला श्रद्धांजलीची सभा जाहीर केली. सभा योग्यच होती, प्रत्युत्तरही अनुचित नव्हते. पण मृतांना प्रत्युत्तर म्हणून उभे केले की वाद मिटताच ते पुन्हा फायलीत जातात, हे सर्वच देशांत दिसून आले आहे.

या साऱ्याआधी साहित्याने काय केले ते पाहिले पाहिजे. भारती मुखर्जी आणि क्लार्क ब्लेझ यांनी या घटनेवर 'द सॉरो अँड द टेरर' हे पुस्तक १९८७ मध्येच लिहिले. पुढच्याच वर्षी मुखर्जींची 'द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ' ही कथा संग्रहात आली. म्हणजे कॅनडाच्या क्षमायाचनेच्या बावीस वर्षे आधी. वाचकांपैकी जे इंग्रजी शिकवितात त्यांना ही कथा नेमलेली माहीत असेल. तिची निवेदक शैला भावे ही नवरा आणि दोन मुलगे गमावून बसलेली टोरांटोची गृहिणी. (भावे आडनावाची नायिका बंगाली लेखिकेच्या इंग्रजी कथेत भेटते याचे मराठी वाचकाला थोडे कौतुक वाटल्यास त्यात गैर नाही.) ही कथा वर्गात बहुधा 'डायस्पोरा' या मथळ्याखाली शिकविली जाते आणि चर्चा घूमफिरून ओळख, स्थलांतर, दोन संस्कृतींमधली कुतरओढ यांवर येते. आम्हांस ती मुळात शोकाच्या हक्काची कथा वाटते. सरकारने नेमलेली ज्युडिथ टेम्पलटन ही समाजसेविका सज्जन आहे, कनवाळू आहे. तिच्यापाशी शोकाच्या पायऱ्या सांगणारी पुस्तके आहेत आणि सह्या घ्यायचे कागद आहेत. एक वृद्ध शीख जोडपे त्या कागदांवर सही करायला तयार नाही. सही केली तर मुलगे गेले हे मान्य केल्यासारखे होईल. आईबापांचे काम आशा धरून बसण्याचे. ज्युडिथला हे अडाणीपण वाटते. शैलाला ते कळते, पण समजावून सांगता येत नाही, आणि ती मोटार थांबवायला लावून उतरते.

या प्रसंगात मुखर्जींनी फार नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. सरकारला शोक आवरता हवा असतो: मोजता येईल, वाटता येईल, फायलीत मिटता येईल असा. आणि त्या जोडप्याची श्रद्धा शीख आहे, बॉम्ब ठेवणाऱ्यांनी ज्या धर्माचे नाव घेतले तोच त्यांचा धर्म, ही गोष्ट कथा न बोलता समोर ठेवते. विमानातल्या मृतांतही शीख होते. स्मारकाच्या भाषणांत हे क्वचितच ऐकू येते. कथेत मात्र त्याला जागा मिळाली. पुढे अनिता राव बदामी, पद्मा विश्वनाथन यांच्या कादंबऱ्या आल्या. रेणी सरोजिनी साकलीकर यांनी २०१३ मध्ये, आपले मावशी-काका याच विमानात गमावले असताना, अख्खा कवितासंग्रह या घटनेवर रचला. इतक्या लेखनानंतरही 'कनिष्क' कॅनडाच्या विस्मृतीतून पुरते वर आले, असे आम्ही म्हणणार नाही. साहित्य स्मृती जपते. ती देशाच्या गळी उतरविणे त्याच्या हाती नसते.

कनिष्कनंतर साडेतीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर पॅन ऍमचे विमान पाडले गेले. घटना जवळजवळ तशीच, पण इथे स्मृतीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. विमानातली २५९ आणि जमिनीवरची ११ अशी २७० माणसे मेली. त्यांत १९० अमेरिकन. लॉकर्बीच्या बायकांनी मृतांचे कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या आणि घरोघरी पाठविले. त्यावर पुढे डेबोरा ब्रेव्हूर्ट यांनी नाटक लिहिले. सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी त्या विमानात होते. ते विद्यापीठ दरवर्षी ३५ विद्यार्थ्यांना त्यांच्या नावे शिष्यवृत्ती देते आणि लॉकर्बीच्या शाळेतून दरसाल दोन विद्यार्थ्यांना आपल्याकडे बोलावते. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या तांबड्या वालुकाश्माचा मनोरा उभारला गेला. त्यात चिरे आहेत २७०, म्हणजे लॉकर्बीतल्या घरांत मेलेल्या अकरा गावकऱ्यांचेही त्यात आले. या उदाहरणात राज्यसंस्थेने हिशेब चुकविला नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्यांची विमाने, विद्यापीठे आणि वर्तमानपत्रे बलाढ्य त्यांना हे सोपे जाते, हेही तितकेच खरे.

त्याच अमेरिकेचा दुसरा हिशेब आफ्रिकेत पाहावा. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकन दूतावासांवर हल्ले झाले. एकूण २२४ मृतांपैकी अमेरिकन १२. नैरोबीत सर्वाधिक हानी झाली ती शेजारच्या उफुंडी हाऊस या इमारतीत. ती कोसळली आणि तिथल्या सेक्रेटरी कॉलेजात शिकणारी मुलेमुली ढिगाऱ्याखाली गेली. पहिला आवाज ऐकून खिडकीशी धावलेल्या शेकडो लोकांचे डोळे काचांनी गेले. हल्ला अमेरिकेवर, मरण केनियाचे. दूतावास पाडलेल्या जागेवर २००१ पासून स्मृतिउद्यान आहे आणि भिंतीवर नावे आहेत. पण जगाच्या स्मृतीत ही घटना ११ सप्टेंबरची नांदी म्हणून नोंदली गेली. दोनशेहून अधिक आफ्रिकी माणसे दुसऱ्या कुणाच्या गोष्टीच्या पहिल्या प्रकरणात मेली!

यावर भारतीय वाचकाने मान डोलवावी आणि पुढे जावे, इतके हे सोपे नाही. ७ जुलै २००८ रोजी काबूलमधल्या भारतीय दूतावासाच्या दारावर मोटारबॉम्ब फुटला. ५८ माणसे मेली. ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, व्ही. व्यंकटेश्वर राव आणि पहाऱ्यावरचे दोन भारतीय जवान यांचे स्मरण आपण केले आणि ते केलेच पाहिजे. राहिलेले पन्नासहून अधिक जण अफगाण होते. त्यांतले कित्येक व्हिसासाठी दूतावासाबाहेर उभे होते. आपल्या देशाच्या दाराशी, आपल्या देशात येण्यासाठी ताटकळत असताना मेलेली ही माणसे आपली की परकी?

आपल्या माणसांपुरते मोजणे ही काही क्रूर वृत्ती आहे असे आम्हांस वाटत नाही. ती स्वाभाविक आहे. ट्युनिशियातल्या सूस येथे २०१५ मध्ये ३८ पर्यटक मारले गेले, त्यांत ३० ब्रिटिश. बर्मिंगहॅमच्या उद्यानातले स्मारक पोलादाच्या ३१ धारांचे आहे: सूसचे तीस आणि त्याच वर्षी ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात मेलेला एक ब्रिटिश. बालीमध्ये मात्र २००२च्या हल्ल्यातील सर्व २०२ मृतांची नावे एकाच शिळेवर आहेत, ८८ ऑस्ट्रेलियनांची आणि ३८ इंडोनेशियनांचीही. घटना घडते त्या गावाला सारेच मृत मोजावे लागतात. दूरच्या देशाला निवड करण्याची सोय असते.

न्यूयॉर्कविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही एकाच गोष्टीपुरते थांबू, आणि ती वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना रुचावी अशी आहे. तिथल्या भूमिगत संग्रहालयात एका प्रचंड भिंतीवर व्हर्जिलच्या 'इनिड'मधली एक ओळ कोसळलेल्या मनोऱ्यांच्या पोलादातून घडविलेल्या अक्षरांत बसविली आहे. काळ तुम्हांस विसरणार नाही, अशा आशयाची. तिच्यामागे ओळख न पटलेले अवशेष ठेवले आहेत. मृतांपैकी सुमारे ४० टक्के लोकांचा अजूनही कसलाच शोध लागलेला नाही. ओळ सुंदर आहे. पण महाकाव्यात ती कुणाला उद्देशून आहे? निसस आणि युरिअलस या दोन योद्ध्यांना, जे रात्री शत्रूच्या छावणीत शिरून झोपलेल्या माणसांना कापून काढतात आणि मग स्वतः मारले जातात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही सौप्तिक पर्वातली ओळ आहे. बेसावध माणसांच्या स्मारकावर अश्वत्थाम्याचे स्तोत्र! अभ्यासकांनी हे वेळीच दाखवून दिले, तरी अक्षरे जिथल्या तिथे राहिली. संदर्भ तोडून घेतलेले वाक्य दगडावर किती शोभून दिसते, हे शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. त्याच जागी बाहेर, दोन जलाशयांच्या काठावर, २,९८३ नावे कांस्यात कोरताना मात्र फार शहाणपण दाखविले गेले. ती वर्णानुक्रमे नाहीत. नातलगांच्या विनंतीवरून एकत्र काम करणारे, एकमेकांचे मित्र असलेले शेजारी शेजारी आहेत, आणि १९९३च्या स्फोटातले सहा जणही त्यांत सामावले आहेत.

नॉर्वेचे थोडक्यात सांगू. २२ जुलै २०११ रोजी ऑस्लो आणि उटोया बेटावर ७७ जण मारले गेले. बेटासमोरचा भूभाग साडेतीन मीटर रुंदीने आरपार कापून जखम कायम दिसती ठेवण्याची योनास डालबर्ग या कलावंताची कल्पना जगभर वाखाणली गेली. पण समोर राहणाऱ्या गावकऱ्यांना, ज्यांनी त्या दिवशी होड्या घालून पोरांना वाचविले होते त्यांना, ती जखम रोज खिडकीतून पाहणे असह्य होते. २०१७ मध्ये सरकारने तो बेत सोडला. आमची सहानुभूती गावकऱ्यांच्या बाजूला आहे. बेटावर मात्र जिथे मुले मारली गेली त्या उपाहारगृहाभोवती एक घर बांधले आहे: आत ६९ खांब मृतांचे, बाहेरून त्यांना वेढणारे ४९५ खांब वाचलेल्यांचे. वाचलेल्यांची गणना करणारे दुसरे स्मारक आमच्या माहितीत नाही.

आता मुंबई. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८९ माणसे गेली. घरी परतणारे नोकरदार होते ते. दुसऱ्याच दिवशी गाड्या चालू झाल्या आणि 'मुंबईचे स्पिरिट' नावाचे जे बिरूद त्या प्रवाशांच्या गळ्यात पडले, ते आमच्या मते विस्मृतीचेच शिष्टसंमत नाव आहे. कामावर न गेल्यास पगार कापला जातो, याला धैर्य म्हणण्याची ही रीत! २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एकोणीस वर्षांनंतर माहीम स्थानकावर फुले वाहणाऱ्या नातेवाइकांपाशी मृतांची यादी आहे, मारणाऱ्यांची नाही. कनिष्कच्या नातेवाइकांना २००५ मध्ये हाच अनुभव आला होता.

२६ नोव्हेंबर २००८चे तसे नाही. ती स्मृती शासकीय आहे, दरवर्षी पाळली जाते आणि शहीद पोलिसांना तिथे रास्त मान आहे. ताजमध्ये तिथे मेलेल्या ३१ जणांच्या नावांचे स्मारक आहे. पण १६६ मृतांपैकी पन्नासहून अधिक जण छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पडले, लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बोचक्यांवर बसलेले. त्यांत गावी निघालेले मजूर होते, कुटुंबकबिला होता, आणि मृत्यूसमयीही ते प्रवासातच होते. विलेपार्ले आणि वाडीबंदर येथे टॅक्सींत ठेवलेले बॉम्ब फुटले, त्यांत चालक मेले. हल्ल्याचे चिन्ह म्हणून मात्र जगाच्या आणि आपल्याही डोळ्यांसमोर उभा राहतो तो ताजचा जळता घुमट. पहिल्या काही दिवसांतल्या छायाचित्रांनी केलेला निवाडा सतरा-अठरा वर्षांनी कायम आहे.

मराठी साहित्यानेही तो निवाडा फारसा हलविलेला नाही, असे आमचे मत आहे. कुणी उदाहरणे देऊन खोडून काढल्यास आम्हांस आनंदच होईल. तोवर शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. 'द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ' शिकविताना तिच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाचे २०१२ सालचे कसाब खटल्याचे निकालपत्र वर्गात आणावे. स्थानकावरच्या साक्षीदारांच्या साक्षी त्यात तपशिलाने आल्या आहेत: कोण कुठे बसले होते, कुणी कुणाला कसे ओढून नेले. न्यायालयाची भाषा रुक्ष आहे, तिला शोक करायचा नाही. तरी बापाच्या आणि जखमी पोरीच्या जबान्या एकापाठोपाठ वाचताना विद्यार्थ्यांना गांधारीचे बोट एका प्रेतावरून दुसऱ्याकडे सरकताना दिसेल असे आम्हांस वाटते. दोन तासिका पुरतील. तिसरी मिळालीच तर काबूलच्या दारासमोरच्या रांगेसाठी ठेवावी.